मासा छाप

खाटकाने तुटलेलं पातं काउंटरवर आपटलं. त्याच्या डाव्या हाताला मनगटापर्यंत पट्टी होती आणि अंगठ्याच्या जागी काहीच नव्हतं.

"तुमचा मासा माझा अंगठा गिळून गेला," तो म्हणाला. "वीस वर्षं तुमचेच सुरे वापरतोय. यंदा बाजारातून घेतला, स्वस्त मिळाला म्हणून."

पात्यावर मुठीजवळ छोटासा मासा ठसवलेला होता. तीन पिढ्यांची ती खूण. लोक मासा बघायचे आणि डोळे मिटून सुरा घ्यायचे. हे पातं मात्र कच्चं होतं, बिस्किटासारखं तुटलेलं.

दुकान सांभाळणाऱ्याला सगळे धाकटे मालक म्हणत. वय पन्नाशीला टेकलं तरी तो धाकटाच, कारण थोरले मालक, म्हणजे त्याचे बाबा, अजून मागच्या खोलीत घाव घालत होते. त्या खोलीत कुणी जायचं नाही, पोटच्या पोरानेही नाही, हा घराण्याचा दंडक. लाल पोलादावर मासा ठसवायचा, मग पातं बुडवून पाणी द्यायचं, आणि हे दार लावूनच. बाबांच्या मागे खोली त्याची होणार होती. तोवर त्याने माल विकायचा. खोलीचं दुसरं दार मागच्या गल्लीत उघडायचं. कोळसा तिथून आत यायचा, भंगार तिथून बाहेर जायचं.

महिन्याभरात असे सहा सुरे परत आले. सगळे बाजारातले, सगळ्यांवर मासा.

वकीलबाईंनी सहाही पाती उलटसुलट करून पाहिली. "खूण नोंदवायच्या तुमच्या अर्जावर हरकत आलीय. एका कंपनीला मासाच हवाय. ते म्हणणार, खूण तुमची, तर हा भिकार माल कुणाचा? आणि तुमचा नसेल, तर थांबवला का नाही?"

"मग?"

"करणारा शोधा. पंधरा दिवस आहेत. नाहीतर मासा गेला म्हणून समजा." त्यांनी चष्मा काढला. "आणि हात उचलू नका. तुम्हाला मी ओळखते."

शोधायचं काय होतं? मासा ठसवता येणारा बाहेरचा माणूस जगात एकच होता. मुका. तो मुका नव्हता, फक्त बोलायचा कमी. वीस वर्षं बाबांच्या हाताखाली खोलीबाहेरची कामं करत राबला आणि एक दिवस बंद खोलीतून बाहेर पडताना सापडला. धाकट्या मालकांनी त्याला तिथल्या तिथे लाथ घालून हाकललं. बाबा तेव्हा एक अक्षर बोलले नव्हते. मुक्याने मागच्या गल्लीच्या टोकाला स्वतःची भट्टी घातली, त्याला आता साडेतीन वर्षं झाली होती.

"आधी बाबांच्या कानावर घाला," बायको म्हणाली.

"या वयात? हल्ली पाण्याचा पेलासुद्धा दोन्ही हातांनी धरतात ते. हे ऐकून खचतील."

बाबांवर त्याचं फार प्रेम होतं. ते खरं होतं.

धाकटे मालक भर दुपारी मुक्याच्या भट्टीवर गेले. मुका ऐरणीशी उभा होता. कोपऱ्यात पोतं, पोत्यात सुरे, प्रत्येकावर मासा. ऐरणीवर माशाचा ठसा, उघडाच पडलेला. चोराला लपवायचीही गरज वाटली नव्हती.

धाकट्या मालकांनी एक सुरा उचलून धारेवर बोट ठेवलं. फिरवायच्या आधीच रक्त आलं. नक्कल इतकी बेमालूम होती की त्यांचं डोकंच फिरलं.

"किती दिवस चाललंय हे?"

मुक्याने भात्यावरचा हात काढला. "बाबांना एकदा विचारा, मालक."

"चोराच्या उलट्या बोंबा." लोखंडी सांडस त्याच्या कानावर बसली. मुका गुडघ्यावर आला. दुसरा फटका तोंडावर. दोन दात राखेत पडले.

"बाबांचं नाव घेऊ नकोस. त्यांचं मीठ खाल्लंस आणि त्यांच्याच खुणेवर उठलास."

मुका रक्त थुंकला. त्याने हातही वर केला नाही. धाकटे मालक त्याच्या निम्म्या ताकदीचे नव्हते. त्याने ढकललं असतं तर ते भट्टीत पडले असते.

त्यांनी त्याचा उजवा हात ओढून ऐरणीवर ठेवला, मनगटावर गुडघा दिला आणि हातोडा घेतला.

"कुणी सांगितलं करायला? नाव सांग, हात वाचेल."

मुक्याने मान हलवली. "शपथ आहे."

पहिल्या घावाला बोटं गेली. मुका गुरासारखा ओरडला. दुसऱ्या घावाला पंजाची हाडं कडाकडा मोडली आणि तो बेशुद्ध पडला. तिसरा घाव घालायचं काही कारण नव्हतं. तो रागाने घातला.

घरी येऊन त्यांनी हात धुतले. वकीलबाईंना फोन केला, "पुरावा मिळाला." मग आयुष्यात पहिल्यांदा बंद खोलीचं दार ढकललं. आज हा मान आपण कमावलाय, असं त्यांना वाटत होतं.

बाबा विझलेल्या भट्टीशी बसले होते. मुलाने ठसा त्यांच्यापुढे ठेवला, शेजारी खाटकाचं तुटकं पातं.

"मासा वाचला, बाबा. मुका करत होता हे. आता नाही करणार."

बाबांनी ठशाला हात लावला नाही. पातं उचललं आणि मोडलेल्या कडेवरून थरथरतं बोट फिरवलं.

"काय केलंस त्याला?"

"उजवा हात मोडला. पुन्हा हातोडा धरायचा नाही तो."

बाबांनी तुटकं पातं मुलापुढे धरलं.

"हे माझं आहे," ते म्हणाले. "फसलेली अशी सगळी भंगारात टाकली होती मी, भंगारवाल्याने बाजारात विकली असणार. तू तीन वर्षं दुकानात विकतोयस, ते सुरे त्याचे."