हरण्यावरचा गुलाल

"कुणी हात लावू नका तिला!" समिना जीपमधून उडी मारतच ओरडली.

कन्हेरीत हिंदुरावांच्या अंगणात, खाटेवर पोतं अंथरून त्यावर ती बंदूक ठेवली होती. जुना गोठा पाडताना आढ्यातून खाली पडलेली. समिनाचं भिगवणला पेंटबॉलचं मैदान होतं. सकाळी रोहित पक्षी बघायला आलेले पाहुणे दुपारी तिथं एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडत. फोनवर या बंदुकीचा फोटो आल्यापासून तिचा पाय जमिनीवर ठरत नव्हता.

"आबा, ही खेळातली न्हायच! खेळ निघायच्या आधीची हाय. परदेशात झाडांवर, गुरांवर लांबनं रंगाची खूण करायला वापरायचे. लई थोड्या उरल्यात. आन् हिच्यात तर कुणीतरी पार उलथापालथ केलीया!"

"कुणीतरी कशाला? कुणी ते मला ठाऊक हाय," म्हणत हिंदुराव जीपकडे बघून मुद्दाम खाकरले.

जीपमध्ये समिनाचे वडील राजमहंमद पाठ फिरवून बसले होते. इंदापुरात त्यांचं भंगाराचं दुकान. एकेकाळी हे दोघं एका ताटात जेवायचे. मग हरण्या आडवा आला.

हरण्या म्हणजे हिंदुरावांचा पांढराशुभ्र खिलार. वीसेक वर्षांपूर्वी, दिवाळी नुकतीच सरली होती, तेव्हा हिंदुरावांनी त्याला इंदापूरच्या बैलबाजारात विकायला उभा केला. सौदा ठरला की बैलावर गुलाल टाकायचा, आणि गुलाल दिसला की दुसऱ्या गिऱ्हाइकानं तिकडं ढुंकूनही बघायचं नाही, ही बाजाराची रीत. त्या दिवशी एकही गिऱ्हाईक फिरकलं नाही. उलट येणारा जाणारा "झालं का मनासारखं?" म्हणून हिंदुरावांचं अभिनंदन करत होता. बाजार उठल्यावर त्यांना बैलाच्या पलीकडच्या पुठ्ठ्यावर गुलालाचा हा एवढा टिळा दिसला. बैल घरी आला आणि तिथंच म्हातारा झाला. हरण्याला विकू नको म्हणून एकटे राजमहंमदच मागं लागले होते, त्यामुळं आळ त्यांच्यावर आला. त्यांनी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही.

तेव्हापासून दोघं बोलत नसत. भाऊबीजेला मात्र राजमहंमद न चुकता येत, कारण हिंदुरावांची बायको ठमाबाई त्यांना भाऊ मानून ओवाळायची. तेव्हाही ते हिंदुरावांकडं पाठ करूनच बसत, आणि एकमेकांना जे सांगायचं ते ठमाबाईमार्फत सांगत.

"त्याला सांग," आत्ताही हिंदुराव ठमाबाईला म्हणाले, "हिच्या नळीत अजून गुलाल हाय. बंदूक त्याच्या दुकानातली निघाली, तर हरण्याला पुरलाय तितं येऊन नाक घासायचं. न्हाय निघाली, तर मी त्याला हलगी लावून गावातनं मिरवीन."

"कबूल हाय म्हनावं," जीपमधून आवाज आला.

ठमाबाई चहा ओतत होती. सासूनं उभा जन्म कानीकपाळी ओरडूनही तिचा डावा हात सुधारला नव्हता, आत्ताही किटली त्याच हातात होती.

समिनानं बंदूक उचलली. गॅसच्या नळकांड्याच्या जागी स्टोव्हचा पितळी पंप बसवला होता. खिळ्यांऐवजी सायकलचे आरे कापून ठोकले होते. तिचा चेहरा पडला. असे आरे ठोकणारा माणूस अख्ख्या तालुक्यात एकच होता, आणि तिच्या लहानपणीची तीनचाकी त्यानंच अशी जोडली होती.

"आब्बांच्याच हातचं काम हाय," ती हळूच म्हणाली.

"सापडला!" हिंदुरावांनी टोपी वर उडवली. या वयात त्यांनी अंगणात अशी काही गिरकी घेतली की कोंबड्या पळाल्या. "बोलवा समद्या गावाला!"

"थांबा, आबा." समिना बंदूक उलटीपालटी करत होती. एकाएकी तिचे डोळे चमकले. "हिचा दट्ट्या उजवीकडं असतो. हितं उपटून डावीकडं बसवलाय. मूठ बी तासून बारीक केलीया. आब्बांनी बनवली खरी, पण स्वतःसाठी न्हाय. ही बारक्या हाताच्या, डावखुऱ्या माणसासाठी बनवलीया!"

हिंदुरावांची गिरकी अर्ध्यातच थांबली. सगळ्यांच्या नजरा किटलीकडे वळल्या.

"बघताय काय असं?" ठमाबाई म्हणाली. "हरण्याची आई मेल्यावर बाटलीनं दूध पाजून वाढवला हुता मी त्याला. तुमी त्या दिवशी त्याच्यापासनं हलंना, मग लांबनंच टाकला गुलाल. उकिरड्यावरची मडकी फोडून नेम शिकले हुते."

"आगं, मग सांगायचं तरी!"

"पुढच्या बाजारी परत नेला असता की त्याला! तो गेल्यावर सांगणार हुते. पर तवर तुमा दोघांचं समदं बोलणं माझ्याकडनं जायला लागलेलं. या घरात माझं एवढं कुणी कधी ऐकलं नव्हतं."

हिंदुरावांना आधी ठसका लागला. मग त्या ठसक्याचंच हसू झालं आणि ते हसत हसत खाली बसले. समिना बंदूक छातीशी धरून खिदळत होती. डोळे पुसत हिंदुराव उठले, जीपपाशी गेले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मधे कुणाला न घालता हाक मारली.

"राज्या, मर्दा, तुला ठाऊक हुतं, तरी तोंडातनं चकार शबूद काढला न्हाईस?"

राजमहंमद वळून बसले. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं आणि हसू मिशीत मावत नव्हतं.

"भनीला ओवाळणीत काय घातलं, ते भाऊ गावभर सांगत फिरतो व्हय?"