स्रोताचा अंगठा

प्रयोगशाळेच्या पडद्यावर अहवाल झळकला. आजार: डांग्या खोकला. स्रोत: हेमांगी दिघे, बाळाची आत्या. संसर्ग: बारशाच्या दिवशी, कानात नाव सांगताना.

जंतू कोणता, हे यंत्र चार मिनिटांत सांगायचं. तो कोणाकडून आला हेही त्याला कळू लागलं, तसा लगेच कायदा झाला. स्रोताने अंगठा लावून कबुली दिल्याशिवाय औषधाचं कपाट उघडत नसे.

"मला साधी शिंकसुद्धा नाही," हेमांगीताई म्हणाल्या आणि खोकल्या. "हा माझा जुना आहे. त्या मालिशवालीचं बघा काही."

"तिला परवाच कामावरून काढलंत ना तुम्ही, ताई," शर्वरी म्हणाली. तिचा तीन आठवड्यांचा मुलगा वरच्या मजल्यावर खोकून खोकून निळा पडत होता. ती तंत्रज्ञ कोरगावकर बाईंकडे वळली. "माझं नाव घाला."

"यंत्राला चालत नाही हो. फेरतपासणी मागता येते. दोन तास लागतात."

"मग मागू या की!" हेमांगीताईंनी अर्ज वाचायला पर्समधून चष्मा काढला. "उद्या सगळे म्हणतील, आत्यानेच..."

शर्वरीने त्यांचं मनगट धरलं आणि अंगठा काचेवर दाबला. कपाट उघडलं. बाटली घेऊन ती जिन्याकडे धावली.

"चारचौघांत माझा हात पिरगाळला! तुम्ही बघितलंत ना?"

कोरगावकर बाईंनी बघितलं होतं. फॉर्मवर आता एकच रकाना उरला होता: कबुली कशी दिली? त्यांनी 'स्वखुशीने'पुढे खूण केली.