सरावबाई

“ह्या आता रडणार,” पहिल्या बाकावरच्या मुलीने मागे वळून वर्गाला जाहीर केलं.

फळ्यापाशी उभी असलेली सरावबाई रडली नाही. पण हातातला खडू मोडला, आणि कुणीतरी टाळ्या वाजवल्या. एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश, एवढंच तिने विचारलं होतं. सगळा वर्ग एका सुरात “चतुर्थांश!” म्हणून ओरडला, कारण चार तीनपेक्षा मोठे. ‘नाही’ म्हणायला ती जेवढा आवाज चढवत होती, तेवढा वर्गही चढत होता.

मागे खिडकीपाशी वर्गबाई वह्या तपासत बसल्या होत्या. छप्पर उडालं असतं तरी त्यांनी आधी ती वही पुरी केली असती.

शिक्षिका म्हणून पास व्हायचं तर खऱ्या वर्गावर महिनाभर सराव करायचा आणि शेवटी निरीक्षकांसमोर पाठ घ्यायचा. मागच्या वर्षी निरीक्षकांनी तिला नापास केलं होतं. “आवाज आहे, वर्ग नाही,” म्हणाले होते. यंदा ही शेवटची संधी. ती गेली की मामाच्या टायरच्या दुकानातला गल्ला होताच. मामा प्रेमळ माणूस. खुर्चीला नवं कव्हरसुद्धा शिवून ठेवलं होतं.

“त्यांच्याकडून मदत? सोडा हो,” शिक्षकांच्या खोलीत चित्रकलेचे सर म्हणाले. “रोज येता-जाता मागून नमस्कार म्हणतो मी त्यांना. अजून एकाचीही पोच मिळालेली नाही. भारी तोरा!”

ते तिलाही पटलं. पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिणाऱ्या वर्गबाईंना तिने मागून दोनदा विचारलं होतं, की मी कुठे बसू? त्यांनी वळूनही बघितलं नव्हतं. माणसाने माणसाला इतकं तुच्छ लेखावं?

पण गल्ला डोळ्यांसमोर दिसायला लागला, की अपमान गिळता येतो. शाळा सुटल्यावर ती वर्गबाईंच्या वाटेत दारातच आडवी उभी राहिली.

“बाई, एवढा गोंधळ झाला, तुम्ही मधे का नाही पडलात?”

वर्गबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. “ओरडण्याने काही होतं का गं? माझ्यापुढे ओरडून आजवर कुणाचं काम झालेलं नाही. उद्या माझ्या तासाला बस. नुसती बघ.”

तिने बघितलं, आणि तिला तोंडात बोट घालायची वेळ आली. तोच वर्ग, तीच कार्टी. पण एका सुरात उत्तर देणं बंद. एकाने उभं राहायचं, बाकीच्यांनी त्याच्याकडे बघायचं. कुणी पुटपुटलं की वर्गबाई बाकापर्यंत जात, हनुवटीला बोट लावून चेहरा वर करत. “माझ्याकडे बघून सांग. घाई नाही.” आणि मग त्या पोराकडे अशा बघत, जणू जगात दुसरं माणूसच नाही. काहीच कळलं नाही तर म्हणत, “बोलू नकोस, चित्र काढून दाखव.” मुख्याध्यापक दारात आले तेव्हा पहिल्या बाकावरची ती मुलगी, जिला सगळे ‘वकील’ म्हणत, ताडकन उभी राहिली. मागोमाग सगळा वर्ग. मग वर्गबाई सावकाश वळल्या. काय शिस्त!

दुसऱ्या दिवसापासून तिने ते सगळं उचललं. आधी नक्कलच होती.

“सरावबाई, आमच्या बाईंची कॉपी करताय?” वकिलाने विचारलं.

“करतेय. तुझी हरकत?”

“नाही. पण त्या बोलताना फळ्याकडे बघत नाहीत. तुम्ही बघता.”

तेही तिने सुधारलं. आणि हळूहळू एक नवल झालं. घसा बसेनासा झाला. पोरांचे चेहरे दिसायला लागले. कुणाला येतंय, कुणाला येत नाही आणि कोण येत असल्याचं सोंग करतंय, हे उत्तराआधीच कळायला लागलं. घरी मामा म्हणाला, “हल्ली तू माझं बोलणं नीट ऐकतेस गं. बरी आहेस ना?”

निरीक्षक आले ते कपाळाला आठी घालूनच. तिने मुद्दाम तोच प्रश्न घेतला. तृतीयांश मोठा की चतुर्थांश? कुणी ओरडलं नाही. कोपऱ्यातला एक मुलगा उठला आणि बाकाशीच काहीतरी पुटपुटला. ती जवळ गेली, वाकली, त्याचा चेहरा वर केला आणि थांबली. बराच वेळ थांबली. निरीक्षकांनी घड्याळाकडे बघितलं तरी ती हलली नाही.

“तृतीयांश,” मुलगा अखेर म्हणाला. “वाटेकरी वाढले की वाटा लहान होतो. आमच्या घरी बाळ आल्यावर माझा झाला.”

वर्ग हसला. तो मुलगाही हसला.

“मुलाचं इतकं मन लावून ऐकणारी शिक्षिका मी बघितलेली नाही,” बाहेर व्हरांड्यात निरीक्षक म्हणाले. आठी गेली होती. “पास तर आहातच. पण ही पद्धत शिकवली कुणी?”

“वर्गबाईंनी,” ती म्हणाली, आणि पोरीसारखी धावत आत आली. वर्ग जवळजवळ रिकामा झाला होता. वर्गबाई पाठमोऱ्या उभ्या राहून फळा पुसत होत्या.

“बाई! मी पास झाले!”

फळा पुसणं चालूच राहिलं.

“बाई, तुमच्यामुळे झाले हो!”

तरी नाहीच. इतकं होऊनही तोच तोरा! तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

दप्तर भरणारी वकील उठली. तिने आधी व्हरांड्यात डोकावून पाहिलं, मग दार लोटून घेतलं.

“असं नाही, सरावबाई, पुढे जाऊन चेहरा दाखवून सांगा. आम्ही तिसरीत होतो तेव्हापासून बाईंना ऐकू येत नाही. बाहेर कुणाला सांगायचं नसतं, पण तुम्ही आता आमच्याच वर्गातल्या.”