कुठला खपेल?

"दिवाळीला दोन्ही भरायला भांडवल नाही. एकच निवडू," म्हणत निरंजनने दुकानाच्या काउंटरवर बायकोसमोर हातात धरून खेळायचे दोन गेमिंग कन्सोल ठेवले. एक मोठ्या स्क्रीनचा, चकचकीत. दुसरा तळहातात मावणारा, जुन्या गेमचा. त्याचं मत ठरलेलंच होतं. "मोठाच खपणार. लहान घेतंय कोण!"

हेमांगी म्हणाली, "आधी गिऱ्हाइकांना हाताळू तर दे."

गिऱ्हाइकं दोन्ही हाताळायची आणि तारीफ मोठ्याचीच करायची. तरी रोज ती संध्याकाळी दुकानात आली की बॅटरी संपलेली असायची लहानाची. हे काय गौडबंगाल, म्हणून एके दिवशी ती भरदुपारीच येऊन थडकली.

दुकान रिकामं होतं. काउंटरमागे निरंजन लहान कन्सोलवर खेळण्यात गढला होता. तिला पाहून तो ओशाळला. "अगं, शाळेत असताना हा गेम पुरा करायचा राहूनच गेला होता."

ती हसली नाही, विचारात पडली. "सांगलीत तुझ्यासारखे चाळिशीतले किती असतील रे?"

त्यांनी लहानच मागवले. दिवाळीआधीच सगळे संपले. घेणारा जो तो म्हणाला, "मुलासाठी हवाय." मूल मात्र एकानेही सोबत आणलं नव्हतं.