जेवणाचा रकाना

दादा निवडणुकीला उभे आणि खर्चाची वही माझ्या, म्हणजे धाकट्या भावाच्या, गळ्यात. उद्या सरकारी तपासणी, आणि आकडा काही केल्या मर्यादेत बसेना. पत्रकं, गाड्या, खुर्च्या, सगळं कापून झालं. घोडं अडलं ते कार्यकर्त्यांच्या जेवणावर. नियमच असा, की घरचं, फुकटचं असलं तरी बाजारभावाने दाखवायचं.

वहिनी महिनाभर रोज चाळीस माणसांचं रांधत होत्या. मी हिशेब करून रक्कम मोठ्याने वाचली, तशी कांदा चिरता चिरता त्यांची सुरी थांबली.

"एवढे होतात?"

दादांच्या सकाळपासून येरझाऱ्या चालल्या होत्या. ते तिथूनच खेकसले, "खोड ते! घरच्या बाईच्या रांधण्याला कसला आलाय खर्च? शून्य लिही आणि मोकळा हो."

मी शून्य लिहिलं. वहिनींनी वाकून ते नीट पाहिलं आणि गॅस बंद केला.

दुपारी चाळीस जण जेवायला बसले. प्रत्येकापुढे घासून लख्ख केलेलं रिकामं ताट.

"अगं, बघतेस काय? वाढ की!" दादा ओरडले.


"वाढलंय की. वहीत लिहिलंय तेवढं."