तिसरं माप

"दुसऱ्यांदा फसलं, काका," दातांची डॉक्टर म्हणाली आणि तिनं ट्रे दिव्याखाली धरला. गुलाबी लगद्यात खालच्या दातांचे ठसे उमटले होते. पण आतल्या अंगाला, नेमकी जिथं कवळीची तार बसायची तिथं, जिभेनं लांबलचक फराटा ओढला होता. "मी सांगितलं होतं ना, जीभ सैल सोडायची?"

"सैलच होती," खुर्चीतले बाबा तोंड पुसत म्हणाले. "तुम्हीच पीठ पातळ भिजवलं असेल."

कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या लेकीनं मान खाली घातली. तिला हायसं वाटलं होतं. आणि बापाचे हाल पाहून हायसं वाटतं, म्हणून मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

बाबांचे दात होईपर्यंत राहते, असं नवऱ्याला सांगून ती माहेरी आली होती. दात झाले की परत जायचं. माप चुकलं, म्हणजे आणखी आठवडा पदरात पडला.

घरी जाताना बाबांची टकळी सुरूच. "चार दात काय गेले, कीर्तनात देवासमोर तोंड उघडायची चोरी झाली. 'स' म्हणावं तर शीळ निघते. देवालाही वाटत असेल, हा म्हातारा शिट्ट्या कुणाला मारतोय!"

ती हसली. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "जावईबापूंचा फोन होता का गं सकाळी?"

"हो."

"काय म्हणाले?"

"कधी येतेस, म्हणाले."

"मग?"

"दात झाले की, म्हटलं."

बाबा नुसतं हुं म्हणाले आणि चालू लागले. जिभेच्या टोकावर आलेलं तिनं गिळलं. धरलेला हात सोडू नये, हे आयुष्यभर चार लोकांना गाऊन सांगणारा हा माणूस. त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं?

पुढच्या आठवड्यात डॉक्टरनं गुलाबी लगद्याला रजा दिली. बाबांच्या जबड्याबरहुकूम तिनं वेगळा ट्रे बनवून घेतला होता, आणि पिस्तुलासारख्या यंत्रातून त्यात जांभळं सिलिकॉन भरत होती.

"हे बिघडत नाही का?" बाबांनी विचारलं.

"सहसा नाही. रबरासारखं घट्ट होतं. आज माप झालंच म्हणून समजा."

लेक स्टुलाच्या कडेवर सरकली.

"आता पाच मिनिटं हूं नाही की चूं नाही," म्हणत डॉक्टरनं ट्रे आत बसवला आणि बोटांनी दाबून धरला. बाबांचे गाल फुगले. एरवी एका वाक्याला दहा वाक्यांनी उत्तर देणारा माणूस गप्प पडून छताकडे बघू लागला.

लेक उठून खुर्चीजवळ गेली. अशी संधी पुन्हा यायची नव्हती.

"बाबा, मी परत जाणार नाही."

डॉक्टरनं चमकून पाहिलं. पण हात सोडता येईना.

"मारत नाही कुणी. उपाशीही ठेवत नाहीत. पण दिवस दिवस माझ्याशी कुणी शब्द बोलत नाही. काय चुकलं ते सांगत नाहीत. विचारलं की उठून जातात. मी भांड्यांशी बोलायला लागले होते, बाबा."

बाबांच्या घशातून आवाज आला. डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे ओघळलं.

"काका, हलू नका!"

"रागवा, वाट्टेल ते बोला," लेक म्हणाली. "फक्त जा म्हणू नका."

वेळ झाली. डॉक्टरनं ट्रे काढून दिव्याखाली धरला, आणि कपाळाला हात लावला. जांभळ्या रबरावर, आतल्या अंगाला, तोच फराटा.

"माझ्यामुळं झालं हो," लेक रडतच डॉक्टरला म्हणाली. "मी मध्येच बोलले, म्हणून हलले ते."

"तुझ्यामुळंच," बाबा म्हणाले. "तिन्ही वेळा."

त्यांनी सावकाश चूळ भरली, हनुवटी पुसली, लेकीचा हात आपल्या हातात घट्ट धरला आणि खुर्चीत मागं रेलले.

"भरा तुमचं पिस्तूल, डॉक्टर. पोर राहतेय, आता जीभ हलवत नाही."