मागची सीट

आमच्या तेशी गावात मेलेल्या कोळ्याला माशाच्या आकाराच्या पेटीत पुरतात, मिरचीवालीला मिरचीच्या. लार्ये ड्रायव्हरनं मरताना मोटारीच्या आकाराची मागितली. "कुठं घेऊ, साहेब?" विचारत त्यानं आयुष्यभर लोकांच्या मोटारी चालवल्या होत्या, म्हणून मेल्यावर पितरांच्या गावाच्या वेशीवर पोचताच तो मागच्या सीटवर बसला तो बसलाच. "ड्रायव्हर येऊ दे, मग आत जाऊ," म्हणायचा. पुढं कोणी बसेना, मोटार हलेना. अखेर त्याची मिरचीवाली बायको कोरकोई चालत आली, डोक्यावर साध्या फळ्यांची पेटी. "तुझी मिरची कुठाय गं?" "होतं नव्हतं ते तुमच्या मोटारीत गेलं. सरका जरा, पाय दुखतायत." लार्ये सरकला नाही. खाली उतरून त्यानं तिची पेटी टपावर बांधली, मागचं दार अदबीनं उघडून धरलं. "मेल्यावर सुचलं होय?" ती पुटपुटली. तो पुढं जाऊन बसला. मोटार पहिल्यांदाच धडधडली. "कुठं घेऊ, बाईसाहेब?"